‘विकले गेले’ असे दिसणारी किंमत खरी धरावी का? (क्रिकेट कार्डांचे ऑनलाइन लिलाव)

मालवणचा_संग्राहक, मालवण

नमस्कार मंडळी.

शाळेत असताना बबलगमबरोबर येणारी क्रिकेटपटूंची कार्डे मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. एका पावसाळ्यात माळ्यावर ओल आली, डब्याला बुरशी धरली आणि तो संग्रह तिथेच संपला. नोकरीला लागल्यावर पुन्हा सुरुवात केली ती मात्र दर्जा ठरवून, प्लॅस्टिकच्या सीलबंद खोक्यात आलेल्या कार्डांपासून, म्हणजे ज्यांना आपण सगळे ‘स्लॅब’ म्हणतो त्यांच्यापासून. आपल्याकडच्या दमट हवेत निदान ही तरी टिकतील, एवढाच त्यामागचा विचार होता.

आता प्रश्नाकडे येतो. नव्वदच्या दशकातल्या एका ऑस्ट्रेलियन संचातील सचिन तेंडुलकर यांचे एक कार्ड मला हवे आहे, पीएसएच्या (कार्डे तपासून त्यांना १ ते १० दर्जा देणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या) ९ दर्जाचे. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातील एका विक्रेत्याकडे ते आहे आणि तो त्याचे ५२,००० रुपये मागतो. पुरावा म्हणून त्याने ईबेवरील एका संपलेल्या लिलावाचे चित्र पाठवले असून त्यात हेच कार्ड, याच दर्जाचे, ६४० डॉलरला ‘विकले गेले’ असे हिरव्या अक्षरांत दिसते. डॉलरला ८५ रुपये धरले तर ही रक्कम ५४,४०० होते, म्हणून ‘मी तुम्हाला स्वस्तातच देतो आहे’ असे त्याचे म्हणणे आहे.

मी स्वतः शोधले तेव्हा गेल्या तीन महिन्यांत याच कार्डाच्या आणखी तीन विक्री दिसल्या: १८०, २१० आणि १९५ डॉलर. विक्रेत्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला की, चारही विक्रींची सरासरी काढा. ती ३०६ डॉलर येते, म्हणजे साधारण २६,००० रुपये, आणि तेवढ्याला देण्याची त्याची आता तयारी आहे. ५२ वरून २६ वर माणूस एका संध्याकाळीत उतरला, याचाच मला जास्त संशय आला.

६४० ही किंमत खरी आहे की कोणीतरी चढवलेली, हे मालवणात बसून ओळखता येते का? येत असेल तर नेमके काय पाहावे?

वेतोबा_चरणी, वेंगुर्ले

सर्वप्रथम, विक्रेत्याने पाठवलेल्या चित्रावर विसंबून राहू नका. तो लिलाव स्वतः उघडून पाहा. मोबाइलवरच्या चित्रातील आकडा बदलायला पाच मिनिटे पुरतात. ईबेवर शोध घेतल्यानंतर ‘विकलेल्या वस्तू’ ही चाळणी लावली की सुमारे नव्वद दिवसांतील विक्री दिसते, आणि ज्या पानाची खूण (लिंक) विक्रेता देऊ शकत नाही ती विक्री झालीच नाही असे समजून चालावे.

दुसरे, ती विक्री लिलावाने झाली की ठरावीक किमतीला, हे पाहा. ठरावीक किमतीच्या जाहिरातीत ग्राहकाला कमी रकमेचा प्रस्ताव देण्याची सोय असते, आणि असा प्रस्ताव विक्रेत्याने स्वीकारला की यादीत मूळ किंमत खोडलेली दिसते. प्रत्यक्ष किती पैसे दिले गेले ते तिथे लिहिलेले नसते. ६४० च्या मागणीवर ३०० ला सौदा झालेला असू शकतो. १३० पॉइंट या संकेतस्थळावर अशा सौद्यांची स्वीकारलेली रक्कम बहुतेक वेळा सापडते, तिथे एकदा शोधून पाहा.

निवृत्त_तपासनीस, दापोली

नमस्कार. नोकरीची बत्तीस वर्षे मी एका बँकेत लेखापरीक्षणाचे काम केले आणि गेली दहा-बारा वर्षे जुनी सिगारेट कार्डे जमवतो आहे, विशेषतः इंग्लंडच्या जॉन प्लेयर कंपनीने १९३४ साली काढलेला पन्नास क्रिकेटपटूंचा संच. त्यामुळे लिलावाच्या नोंदी वाचणे हा माझा छंदही आहे आणि खोडही.

आपला प्रश्न ‘६४० ही किंमत खरी आहे का’ असा आहे. मी तो थोडा बदलून विचारीन: ‘६४० च्या लिलावात दुसऱ्या क्रमांकाचा बोलीदार खरा होता का?’ कारण लिलावात किंमत जिंकणारा ठरवत नाही, हरणारा ठरवतो. ईबेवर बोली लावताना आपण आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो आणि यंत्रणा आपल्या वतीने, दुसऱ्याला मागे टाकण्यास जेवढे पुरेल तेवढेच, एकेक पायरी वर चढते. मी ७०० डॉलरपर्यंत जायला तयार असलो तरी माझ्यानंतरचा माणूस २०० वर थांबला तर मला ते कार्ड दोनशेच्या किंचित वर मिळते. म्हणजे ज्याला किंमत फुगवायची आहे त्याला जिंकण्याची गरजच नसते; त्याला फक्त दुसरे यायचे असते. विक्रेत्याने दुसऱ्या नावाने उघडलेले खाते, त्याचा मेहुणा, त्याचा मित्र, कोणीही ते काम करू शकतो, आणि बाहेरच्या माणसाला विक्री पूर्णपणे खरी दिसते, कारण पैसे खरोखर दिले जातात आणि कार्ड खरोखर टपालाने जाते.

आमच्याकडे हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, तेव्हा ढिगाभोवती उभी असलेली माणसे एकमेकांना ओळखतात. होडीच्या मालकाचाच भाऊ बोली वाढवू लागला तर ते कोणापासून लपत नाही, आणि ज्याने बोली जिंकली त्याने माल उचलला की नाही हे अंधार पडण्याच्या आत सर्वांना दिसते. ऑनलाइन लिलावात ही दोन्ही माहिती पडद्याआड जाते, बोलीदाराच्या नावातील एक-दोन अक्षरे सोडून बाकी तारे-तारे दिसतात. तरीही पडदा पूर्ण बंद नसतो. संपलेल्या लिलावाच्या पानावर जिथे बोलींची संख्या लिहिलेली असते तिथे टिचकी मारा. बोलींचा सगळा इतिहास, वेळेसह उघडतो. त्यातील दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराची सर्वांत वरची रक्कम, दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाच्या नावापुढील अभिप्रायांची (आधीच्या व्यवहारांबद्दल मिळालेल्या शेऱ्यांची) संख्या, आणि त्याच्या नावावर टिचकी मारल्यावर दिसणारा गेल्या तीस दिवसांचा गोषवारा, एवढे इथे लिहा. मग बोलू.

मालवणचा_संग्राहक, मालवण

तपासनीस काका, मनापासून आभार. ती जाहिरात लिलावाचीच होती, त्यामुळे वेंगुर्लेकरांनी सांगितलेली प्रस्तावाची शक्यता इथे उरत नाही. इतिहास उघडून पाहिला, तो असा आहे.

तिसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराची सर्वांत वरची बोली २०५ डॉलर. दुसऱ्या क्रमांकाची ६३०. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाचे अभिप्राय ३, आणि तीस दिवसांच्या गोषवाऱ्यात त्याच्या एकूण बोलींपैकी ८३ टक्के याच विक्रेत्याच्या वस्तूंवर लावलेल्या दिसतात. त्याने लिलाव संपण्याच्या आदल्या दिवशी दुपारी, पाऊण तासाच्या आत २५०, ३००, ३५०, ४०० अशा एकामागून एक बोली लावल्या, ६०० पर्यंत गेला, मग ६३० लावून थांबला. जिंकणाऱ्याचे अभिप्राय चारशेच्या वर आहेत आणि त्याची एकच बोली आहे, लिलावाच्या पहिल्याच दिवशीची.

निवृत्त_तपासनीस, दापोली

आपण दिलेले आकडे पुरेसे बोलके आहेत, म्हणून आधी हिशेब मांडतो.

ईबेवर चालू किंमत १०० ते २४९.९९ डॉलरच्या दरम्यान असेल तर बोलीची पायरी अडीच डॉलरची असते, २५० ते ४९९.९९ च्या दरम्यान पाच डॉलरची, आणि ५०० ते ९९९.९९ च्या दरम्यान दहा डॉलरची. जिंकणारी रक्कम ६४० आहे, म्हणजे ६३० अधिक दहाची एक पायरी. हिशेब चोख जुळतो. आता दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला मनातल्या मनात बाजूला काढा. उरतात तो जिंकणारा आणि २०५ वर थांबलेला तिसरा. तसे असते तर हेच कार्ड, त्याच ग्राहकाला, त्याच दिवशी २०७.५० डॉलरला मिळाले असते. आपल्याला सापडलेल्या इतर तीन विक्रींच्या, म्हणजे १८०, १९५ आणि २१० च्या रांगेत ही रक्कम अगदी सहज बसते. २०७ आणि ६४० यांच्यामधले सव्वाचारशेहून अधिक डॉलर हे एकाच माणसाच्या हातचे काम आहे, आणि त्या माणसाचे अभिप्राय तीन आहेत.

त्याच्या बोलींची चाल पाहा. पन्नास-पन्नासच्या पायऱ्या चढत जाणारा माणूस कार्ड मिळवू पाहत नसून समोरच्याची गुप्त कमाल रक्कम कुठे आहे ते चाचपत असतो. जुना संग्राहक सहसा असे करत नाही; तो आपला आकडा ठरवतो आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदाच बोली टाकतो, म्हणजे इतरांना विचार करायला वेळ मिळत नाही. शेवटची बोली ६३० वर का थांबली याचा विचार केला तर वाटते की समोरच्याची मर्यादा सातशेच्या आसपास असावी असा अंदाज त्याने बांधला आणि चुकून आपणच जिंकू नये म्हणून हात आवरला. काही लोक आणखी पुढे जातात: प्रचंड मोठी बोली टाकतात, त्यामुळे समोरच्याची कमाल उघडी पडते, मग ‘आकडा चुकीचा टंकला गेला’ असे कारण देऊन बोली मागे घेतात आणि दुसऱ्या खात्यावरून त्या कमालीच्या एक पायरी खाली येऊन उभे राहतात. म्हणूनच गोषवाऱ्यात मागे घेतलेल्या बोलींची संख्या दिलेली असते, ती शून्यापेक्षा जास्त असेल तर भुवया उंचावाव्यात.

८३ टक्क्यांच्या आकड्याविषयी मात्र थोडे सबुरीने घ्यावे. ज्याने महिन्याभरात सहाच बोली लावल्या आणि त्यातील पाच एका लिलावात लावल्या, त्याची टक्केवारीही तेवढीच येते. नव्या आणि भाबड्या माणसाच्या बाबतीत हे हमखास होते. आणि एखादा विक्रेता फक्त क्रिकेटचीच कार्डे विकत असेल तर क्रिकेटवेडा माणूस साहजिकच त्याच्याच दारात दिसणार. एकट्या टक्केवारीवर मी कोणाला दोषी धरले नसते. टक्केवारी, अभिप्राय, पायऱ्यांची चाल आणि तिसऱ्या बोलीपासूनचे अंतर हे चारही एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून मी हा आकडा बाजूला ठेवायला सांगतो.

सरासरीविषयीही लिहिले पाहिजे, कारण तिथे आपला विक्रेता हुशारी करून गेला आहे. चारच आकडे असताना एक आकडा बाकीच्यांच्या तिप्पट असेल तर सरासरी ही त्या एका आकड्याची बटीक होते. त्याऐवजी आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घ्यावा: १८०, १९५, २१०, ६४० यांत मधले दोन १९५ आणि २१०, त्यांचा मध्य २०२.५०. संशयित आकडा आत ठेवूनही उत्तर दोनशेच्या घरातच येते.

हे सगळे छोट्या विक्रेत्यांचेच उद्योग आहेत असे कोणाला वाटू नये, म्हणून एक जुने प्रकरण सांगतो. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे टी२०६ संचातील कार्ड, जे अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून दिले, ते या छंदातील सर्वांत प्रसिद्ध कार्ड आहे. त्यातील एक प्रत १९९१ साली आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याचा भागीदार यांनी ४,५१,००० डॉलरला लिलावात घेतली. त्याच वर्षी सुरू झालेल्या पीएसएने दर्जा दिलेले पहिले कार्ड तेच, आणि २००७ साली ते २८ लाख डॉलरला विकले गेले. पुढे २०१३ साली विल्यम मॅस्ट्रो या अमेरिकेतल्या नामांकित लिलावदाराने शिकागोच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला तेव्हा दोन गोष्टी बाहेर आल्या: आपल्या लिलावांत तो खोट्या बोली लावून किमती चढवत होता, आणि त्या वॅग्नर कार्डाच्या कडा त्याने स्वतः कापून सरळ केल्या होत्या. २०१५ साली त्याला २० महिन्यांची कैद झाली. म्हणजे बोलीही खोटी आणि कार्डाचा दर्जाही घडवलेला.

आता पुढचे काम. त्या ६४० च्या कार्डाच्या लेबलवर पीएसएचा प्रमाणपत्र क्रमांक असेल. तो लिहून घ्या आणि तेवढाच क्रमांक घेऊन पुन्हा शोध घ्या. दर्जा एकच असला तरी क्रमांक प्रत्येक कार्डाचा वेगळा असतो, त्यामुळे तेच कार्ड पुन्हा बाजारात आले असेल तर ते लपत नाही.

खाडीपलीकडे, अलिबाग

चर्चा उत्तम चालली आहे, तरी विकणाऱ्यांच्या बाजूने दोन शब्द लिहितो, कारण मी स्वतः अधूनमधून विकतो आणि एका ग्राहकाने माझ्यावरच असा आरोप केला होता. माझ्या एका साध्या कार्डाला नेहमीच्या अडीचपट किंमत आली. खरे कारण असे होते की त्या संचातील शेवटचे एकच कार्ड हवे असलेली दोन माणसे त्या आठवड्यात नेमकी एकत्र आली. दोघांचेही अभिप्राय शेकड्यांत होते, बोली शेवटच्या दहा सेकंदांत पडल्या आणि पैसे तासाभरात आले. पुढच्या महिन्यात तेच कार्ड पुन्हा नेहमीच्या भावावर आले, कारण त्या दोघांपैकी एकाची गरज भागली होती.

तेव्हा किंमत खरी असणे आणि भाव खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाशीच्या बाजारात हंगामातील हापूसची पहिली पेटी जाते तेव्हा तिचा आकडा वर्तमानपत्रात येतो. तो खोटा नसतो, पण त्या आकड्यावर एप्रिलमधली पेटी मागणाऱ्याला कोणी दारात उभे करणार नाही. कार्डांच्या जगातही याचे मोठे उदाहरण आहे. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचे १९८६ सालचे फ्लीअर कंपनीचे कार्ड, पीएसए १० दर्जाचे, जानेवारी २०२१ मध्ये गोल्डिन या लिलावगृहाच्या एकाच लिलावात दोन प्रतींना प्रत्येकी ७,३८,००० डॉलर मिळवून गेले. त्या दर्जाची तीनशेहून अधिक कार्डे अस्तित्वात आहेत, म्हणजे ते दुर्मीळ वगैरे काही नव्हते. टाळेबंदीत घरात बसलेल्या लोकांच्या हातात पैसा होता आणि लहर होती. काही महिन्यांतच तेच कार्ड तीन लाख डॉलरच्या खाली आले. ज्याने त्या जानेवारीचे चित्र दाखवून जूनमध्ये विकले, त्याने खोटे चित्र दाखवले नाही, शिळे दाखवले.

आणखी एक घोटाळा नवशिके नेहमी करतात. गोल्डिन, हेरिटेज यांसारख्या लिलावगृहांच्या जाहीर किमतीत खरेदीदाराने भरायचा अधिभार धरलेला असतो आणि तो साधारण पाचव्या हिश्शाएवढा असतो. ईबेवर असा अधिभार नसतो. ऑगस्ट २०२२ मध्ये बेसबॉलपटू मिकी मँटलचे १९५२ सालचे टॉप्स कंपनीचे कार्ड हेरिटेजच्या लिलावात १.२६ कोटी डॉलरला गेले, त्या आकड्यातही अधिभार आहे. एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशेजारी ठेवताना आधी तो वजा करावा.

आपल्या ६४० च्या बाबतीत मात्र तपासनीस काकांशी माझे दुमत नाही. तीन अभिप्रायांचा माणूस पाऊण तासात नऊ बोली लावतो, ही हौस नव्हे.

मालवणचा_संग्राहक, मालवण

क्रमांक घेऊन शोधले आणि जे सापडले त्याने मी थक्क झालो. तेच कार्ड, तोच प्रमाणपत्र क्रमांक, खोक्याच्या डाव्या कोपऱ्यावरचा तोच बारीक ओरखडा. ६४० चा लिलाव संपल्यानंतर अठरा दिवसांनी त्याच विक्रेत्याने ते पुन्हा लिलावाला लावले आणि त्या वेळी ते २०५ डॉलरला गेले. ही विक्री माझ्या नजरेतून निसटली होती, कारण त्याने जाहिरातीच्या मथळ्यात सचिनचे आडनाव चुकीच्या स्पेलिंगने लिहिले होते.

मग ६४० देणाऱ्याने पैसे दिलेच नाहीत असे समजायचे का? आणि दिले नसतील तर तो आकडा ‘विकले गेले’ म्हणून अजून यादीत का दिसतो?

निवृत्त_तपासनीस, दापोली

लिलाव संपला की यादीत नोंद पडते. पुढे पैसे आले नाहीत, सौदा रद्द झाला किंवा कार्ड परत आले, तरी ती नोंद नेहमी निघून जात नाही. त्यामुळे यादीतील प्रत्येक आकड्याचा अर्थ ‘इतक्याला बोली संपली’ एवढाच घ्यायचा असतो, ‘इतके पैसे हातात पडले’ असा नव्हे.

तेच कार्ड पुन्हा दिसले तर कोणाकडून दिसले हे महत्त्वाचे. दुसऱ्या विक्रेत्याकडून आले असते तर पहिल्या ग्राहकाने ते विकायला काढले असा सरळ अर्थ होता. त्याच विक्रेत्याकडून आले, म्हणजे ते त्याच्या घरातून बहुधा गेलेच नाही, किंवा जाऊन परत आले. चारशे अभिप्रायांचा जिंकणारा कदाचित माझ्यासारखाच बोलींचा इतिहास वाचणारा असावा आणि आपल्याला फसवले गेल्याचे कळल्यावर त्याने पैसे द्यायला नकार दिला असावा. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण आपल्याला विक्रेत्याला शिक्षा द्यायची नसून कार्डाची किंमत ठरवायची आहे, आणि त्यासाठी एवढे पुरे: ६४० चा सौदा टिकला नाही, आणि तेच कार्ड त्याच हातातून २०५ ला गेले. आता आपल्या यादीत १८०, १९५, २०५ आणि २१० हे चार आकडे आहेत. मधला भाव बरोबर दोनशे.

गटातील विक्रेत्याकडचे कार्डही हेच तर नाही ना, हे एकदा तपासा. त्याच्याकडून पुढच्या आणि मागच्या बाजूचे स्पष्ट छायाचित्र मागवा, क्रमांक पीएसएच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथे कार्डाचे चित्र उपलब्ध असेल तर ते प्रत्यक्ष छायाचित्राशी ताडून पाहा. खोटे खोके बनवणारे खऱ्या कार्डाचा क्रमांक उचलून वापरतात, त्यामुळे ‘क्रमांक खरा निघाला’ एवढ्यावर थांबू नये. कर्नाटकातल्या आंब्यावर देवगडचे खोके चढते तसाच हा प्रकार.

वाशिष्ठीकाठचा_वकील, चिपळूण

कार्डांतले मला काही कळत नाही. माझ्या घरात पत्त्यांचा संग्रह म्हणजे सावंतवाडीच्या गंजिफांचा एक डाव, तोही सासुरवाडीकडून आलेला. पण लिलावाचा कायदा इथे कोणी मांडला नाही म्हणून लिहितो.

आपल्याकडे १९३० सालचा वस्तुविक्री अधिनियम अजून लागू आहे आणि त्याचे कलम ६४ पूर्णपणे लिलावाविषयी आहे. विक्रेत्याला स्वतः किंवा स्वतःच्या वतीने बोली लावण्याचा हक्क राखून ठेवायचा असेल तर तो आधी स्पष्टपणे जाहीर करावा लागतो. तसे जाहीर न करता त्याने स्वतः बोली लावली किंवा कोणाला लावायला सांगितली, तर ते बेकायदा असून खरेदीदार त्या विक्रीला कपटपूर्ण मानू शकतो. त्याच कलमाच्या सहाव्या पोटकलमात असेही म्हटले आहे की किंमत वाढवण्यासाठी विक्रेत्याने खोट्या बोलींचा वापर केला तर ती विक्री रद्द करण्याचा पर्याय खरेदीदाराकडे असतो. विक्रेत्याला किमान किंमत राखून ठेवता येते, तो वेगळा आणि कायदेशीर मार्ग आहे. खोटा बोलीदार उभा करणे हा नव्हे.

परदेशातल्या विक्रेत्याविरुद्ध मालवणात बसून याचा व्यावहारिक उपयोग जवळजवळ नाही, तिथे संकेतस्थळाकडेच तक्रार करावी. मात्र व्हॉट्सअ‍ॅप किंवा इन्स्टाग्रामवर आपल्याच देशातील माणूस लिलाव घेत असेल तर हे कलम त्याला लागू पडते. तो नियमित व्यापारी असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही दाद मागू शकतो, विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. अडचण पुराव्याची येते. गटातील संदेश पुसले जातात, म्हणून बोली चालू असतानाच संपूर्ण संभाषण उतरवून ठेवावे. आणि पैसे पाठवल्यावर विक्रेता गायबच झाला तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावे. कायद्याचे साल आणि हेल्पलाइनचा क्रमांक एकच आहे, त्यामुळे निदान लक्षात तरी राहतो.

वेतोबा_चरणी, वेंगुर्ले

मालवणकर, किंमत सांगताना एक गोष्ट विसरू नका. अमेरिकेतून दोनशे डॉलरचे कार्ड मागवले तर आपल्या हिशेबाने १७,००० रुपये झाले, पण त्यावर टपालखर्च, सीमाशुल्क आणि कुरिअर कंपनीचे हाताळणी शुल्क चढते. पूर्वी ईबेची भारतातील स्वतंत्र शाखा होती, ती ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली, तेव्हापासून हा सगळा खर्च आपल्याच माथी आहे. विक्रेत्याचे कार्ड आधीच देशात आहे, त्यामुळे त्याला दोनशेपेक्षा थोडे अधिक देणे अन्यायाचे ठरणार नाही. मी असतो तर २०,००० पासून सुरुवात केली असती.

मालवणचा_संग्राहक, मालवण

सर्वांचे आभार. विक्रेत्याकडून छायाचित्रे मागवली. क्रमांक वेगळा आहे, ओरखडाही नाही. म्हणजे त्याच्याकडचे कार्ड ते ६४० चे नाही. पीएसएच्या संकेतस्थळावरील चित्राशी कडा, मधली छपाई आणि लेबल तिन्ही जुळतात. त्याने ६४० चे चित्र मुद्दाम पाठवले की त्यालाही ते खरेच वाटले होते, हे मला ठरवता येत नाही, आणि मी त्याला तसे विचारलेही नाही. फक्त त्याच कार्डाच्या दुसऱ्या लिलावाची, २०५ डॉलरची खूण पाठवली आणि २०,५०० रुपये देऊ केले, कार्ड हातात आल्यावर पैसे या अटीवर. कुडाळला त्याचे नातेवाईक आहेत, तिथे भेटून व्यवहार करता येईल असे सुचवले.

दोन दिवस त्याचे उत्तर नव्हते. आज सकाळी लिहिले की २२,००० च्या खाली जमणार नाही, पण चतुर्थीला तो गावी येणार आहे, तेव्हा कार्ड सोबत आणतो. समोरासमोर पाहा आणि मग बोला.

निवृत्त_तपासनीस, दापोली

जाताना एक भिंग आणि लहान विजेरी बरोबर न्या. खोक्याच्या कडेची सांधजोड उजेडात तिरपी धरून चारही बाजूंनी पाहा. खोके उघडून पुन्हा चिकटवले असेल तर तिथे पांढुरकी रेघ किंवा गोंदाचा ठिपका दिसतो. ते ठीक असेल तर २१,००० ला हात मिळवायला हरकत नाही.